कॉलेज सॉफ्टबॉल: कोच किती, पैसा कुठून आणि मुलगी शिकणार कधी?

न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलंय. मुलगी दहावीत, कॅचर आहे, ट्रॅव्हल बॉल (शाळेबाहेरच्या क्लबकडून गावोगावच्या स्पर्धा) खेळते. ‘आमच्या कॅम्पला ये’ अशी कॉलेजांच्या कोचची मेल यायला लागलीत. तिला इंजिनिअरिंग नाहीतर बायोलॉजी करायचंय. बाबांचं म्हणणं, एवढा खर्च केलाय तर आता स्कॉलरशिप मिळवायचीच. आजी फोनवर विचारते, खेळाच्या नादात अभ्यासाचं काय? कुटुंब नोकरीच्या एच-१बी व्हिसावर, म्हणजे मुलगी अवलंबितांच्या एच-४ वर. आणि मुख्य प्रश्न: कॉलेजचा सॉफ्टबॉल प्रोग्रॅम खरंच चांगला आहे की नुसता चकचकीत, हे बाहेरून कसं ओळखायचं?

मी इथल्या विद्यापीठांच्या अ‍ॅथलेटिक खात्यात आधी खेळाडूंची शैक्षणिक सल्लागार होते, नंतर बजेटच्या बाजूला गेले. बॅटिंगमधलं मला फार कळत नाही, त्यामुळे मुलगी किती चांगली खेळते यावर मी काही बोलणार नाही. पण प्रोग्रॅमचा पैसा, माणसं आणि अभ्यास ही तीन वेगळी खाती नाहीत, हे त्या टेबलावर बसून चांगलंच कळतं. पैसा कुठून येतो त्यावर माणसं किती ठेवायची ते ठरतं, आणि माणसं किती यावर तुमच्या मुलीला दुपारची लॅब घेता येईल की नाही ते ठरतं.

आधी त्या मेलांचं बघू. एनसीएए या कॉलेज-खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने कॉलेजांचे तीन गट केलेत, डिव्हिजन १, २ आणि ३, त्यात १ सगळ्यात वरचा. डिव्हिजन १ च्या सॉफ्टबॉल कोचला अकरावीच्या १ सप्टेंबरपर्यंत मुलीशी भरतीबद्दल बोलायची मुभाच नाही. डिव्हिजन २ मध्ये ही तारीख दहावी संपल्यावरची १५ जून. कॅम्पची जाहिरात मात्र कधीही, कुणालाही पाठवता येते, आणि नियमाप्रमाणे कॅम्प सगळ्यांना खुला ठेवावा लागतो. मर्यादा घालायची तर वय, इयत्ता, लिंग, संख्या एवढ्यावरच. तेव्हा दहावीतल्या मुलीला डिव्हिजन १ च्या कॉलेजकडून आलेली मेल ही यादीतल्या शेकडो मुलींना गेलेली असते. यात फसवणूक काही नाही, पण तिला कुणी निवडलंय असंही नाही. कॅम्पच्या फीमधून बऱ्याच ठिकाणी असिस्टंट कोचच्या पगारात भर पडते. ज्या कॉलेजात तिला खरंच जायचंय तिथल्या एक-दोन कॅम्पना जरूर पाठवा, बाकीची मेल सोडून द्या. खऱ्या रसाची मेल लगेच ओळखू येते. कोणत्या स्पर्धेत, कितव्या मैदानावर पाहिलं ते लिहिलेलं असतं, आणि दुसऱ्या बेसवरच्या थ्रोचा तिचा पॉप टाइम (चेंडू ग्लोव्हमध्ये आल्यापासून बेसवर पोचेपर्यंतचा वेळ) काय होता तेही.

आता पैसा. बाबांच्या डोक्यात जो आकडा आहे तो बहुधा निजारी कॅनडीचा असावा. स्टॅनफर्डची ही पिचर २०२४ मध्ये टेक्सस टेकला गेली तेव्हा एका वर्षासाठी १०,५०,०२४ डॉलरचा करार झाल्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. (शेवटचे २४ म्हणजे तिच्या जर्सीचा नंबर.) २०२५ ला तिची टीम वुमन्स कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या फायनलपर्यंत पोचली आणि टेक्सस विद्यापीठाकडून हरली. हे सगळं खरं आहे, आणि तुमच्या घरच्या हिशोबाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

उपयोगाचे आकडे वेगळे आहेत. डिव्हिजन १ मध्ये वर्षानुवर्षं सॉफ्टबॉलच्या टीमला १२ स्कॉलरशिपची मर्यादा होती, आणि त्या १२ चे तुकडे करून वाटता यायचे. टीम २४ मुलींची असेल तर सरासरी अर्धी. प्रत्यक्षात पिचरला जास्त मिळायची, शॉर्टस्टॉप-कॅचरला बरी मिळायची, आणि उजव्या फील्डला उभ्या असलेल्या मुलीला पुस्तकांचे पैसे. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीला कोर्टाने मंजुरी दिली आणि गणित बदललं. ज्या विद्यापीठांनी ती तडजोड स्वीकारली त्यांच्यासाठी स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि रोस्टरची, म्हणजे टीममधल्या खेळाडूंच्या संख्येची आली: सॉफ्टबॉलला २५ खेळाडू, आणि हवी तर २५ जणींनाही पूर्ण स्कॉलरशिप. यातला ‘हवी तर’ हा शब्द महत्त्वाचा. परवानगी मिळाली म्हणून पैसा आला असं होत नाही. त्याच तडजोडीने विद्यापीठांना २०२५-२६ मध्ये खेळाडूंना थेट सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत वाटायची मुभा दिली, पण त्याचा मोठा घास अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांचं बास्केटबॉल घेतं. तो घास भरवायला पैसा आणायचा कुठून, तर इतर टीमांच्या बजेटातून, हा ताण मोठ्या खात्यांमध्ये आता रोजचा झालाय. म्हणून कोचला स्पष्ट विचारा: तुम्ही तडजोड स्वीकारली आहे का, आणि या वर्षी प्रत्यक्षात किती स्कॉलरशिपना पैसा आहे? नियमात किती बसतात हे तुम्हालाही ठाऊक आहे, ते ऐकायला फोन नको.

डिव्हिजन २ ला टीममागे ७.२ स्कॉलरशिप, त्याही सगळीकडे पूर्ण भरलेल्या नसतात. डिव्हिजन ३ ला खेळाची स्कॉलरशिप नाही, म्हणजे नाहीच. आयव्ही लीग डिव्हिजन १ मध्ये खेळते पण तिथेही नाही. मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर, आणि हाउसची तडजोडही त्यांनी नाकारली. आपल्या लोकांत डिव्हिजन ३ म्हटलं की ‘तिसरा वर्ग’ ऐकू येतं. अहो, एमआयटी तिथे खेळते, शिकागो विद्यापीठ खेळतं, एमरी, विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट खेळतात. इंजिनिअरिंग किंवा बायोलॉजी करणाऱ्या, चांगली पण राष्ट्रीय पातळीची नसलेल्या कॅचरसाठी माझ्या मते पहिला शोध इथेच घ्यायला हवा. यातल्या बऱ्याच कॉलेजांत कोचच्या हातात डॉलर नसला तरी प्री-रीड असतो. अकरावी संपल्यावरच्या उन्हाळ्यात कोच मुलीचे गुण आणि विषय अ‍ॅडमिशन ऑफिसकडे पाठवतो, आणि ऑफिस अर्ज करण्याआधीच अंदाज देतं. काही ठिकाणी आर्थिक मदतीचाही असा आगाऊ अंदाज मिळतो. गुणवत्तेवर मिळणारी मदत आणि डिव्हिजन २ ची पाव स्कॉलरशिप शेजारी शेजारी लिहून काढा. खेळाची स्कॉलरशिप नसलेलं कॉलेज स्वस्त पडताना मी कितीदा तरी पाहिलंय.

प्रोग्रॅमचा पैसा बाहेरून बघायचा तर शिक्षण खात्याची वेबसाइट आहे, ‘इक्विटी इन अ‍ॅथलेटिक्स डेटा अ‍ॅनालिसिस’. सरकारी विद्यार्थी-मदत घेणाऱ्या प्रत्येक सहशिक्षणाच्या कॉलेजला, त्याच्या टीम असतील तर, दरवर्षी तिथे हिशोब भरावा लागतो. तो कुणालाही फुकट दिसतो. फक्त तो वाचायचा कसा ते सांगते, कारण मी तो भरलाय. सॉफ्टबॉलच्या ओळीत उत्पन्न आणि खर्च बऱ्याचदा डॉलरला डॉलर सारखे दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, वा, टीम आपला खर्च आपण भागवते! तसं नसतं. तूट विद्यापीठाने सर्वसाधारण निधीतून आणि विद्यार्थ्यांच्या फीमधून भरलेली असते, आणि तो भरणा उत्पन्नाच्या रकान्यात जातो. तिकिटांवर स्वतःचं पोट भरणाऱ्या सॉफ्टबॉल टीम हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ईएसपीएनने २०२४ मध्ये एनसीएएच्या ४० स्पर्धांसाठी ८ वर्षांचा ९२ कोटी डॉलरचा करार केला, त्यात सॉफ्टबॉल आहे. वर्ल्ड सिरीज होते ते ओक्लाहोमा सिटीचं मैदान भरतं, टीव्हीवर गर्दी दिसते. पण म्हणून तुमच्या मुलीच्या कॉलेजच्या बसचं डिझेल त्यातून येत नाही.

म्हणून मी एकूण खर्चाचा आकडा सोडून ‘ऑपरेटिंग एक्सपेन्स’ बघते: प्रवास, मुक्काम, साहित्य, अंपायर. त्याला खेळाडूंच्या संख्येने भागायचं आणि त्याच कॉलेजच्या बेसबॉलशी ताडून बघायचं. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने डॉलर सारखे हवेत असं कुठेही म्हटलेलं नाही. सोयी आणि वागणूक बरोबरीची हवी. पण दोन्हींत फार मोठी दरी दिसली तर कॅम्पस बघायला जाल तेव्हा डोळे उघडे ठेवा. बेसबॉलला दिवे, बंदिस्त बॅटिंग केज आणि स्वतःची लॉकर रूम, आणि सॉफ्टबॉलच्या मुली गाडीच्या डिकीआड शूज बदलताहेत, असं असेल तर कोच कितीही गोड बोलो, वरच्या मजल्यावर या टीमची किंमत काय ते तुम्हाला कळलं. स्प्रिंगमधल्या फ्लोरिडा दौऱ्याचे पैसे कोण देतं हेही विचारा. छोट्या कॉलेजांत त्यातला काही भाग मुलींनी वर्गणी काढून उभा करायचा असतो, आणि वर्गणी कमी पडली की आई-बापांच्या खिशातून.

माणसांकडे वळते. डिव्हिजन १ मध्ये हेड कोच आणि ३ असिस्टंट असा ताफा ठेवता येतो. जुलै २०२३ पर्यंत यातला एक ‘व्हॉलंटियर कोच’ असायचा. पगार शून्य, काम पूर्णवेळ, आणि जगायचं कॅम्पच्या पैशांवर. यावरून कोर्टात दावेही झाले. आता ती जागा पगारी करायची परवानगी आहे. काही कॉलेजांनी ती भरली, काहींनी नाममात्र पगारावर भरली, काहींनी रिकामी ठेवली. तेव्हा वेबसाइटवरचे फोटो मोजू नका. कोण पूर्णवेळ आहे आणि कोण किती वर्षं टिकलंय ते बघा. हेड कोच तीच आहे पण पिचिंग कोच दर वर्षी नवी, असं दिसलं तर पगार कमी आहे किंवा माणूस टिकत नाही. कारण कुठलंही असो, कॅचरला ते सगळ्यात आधी भोवतं, कारण पिचरची सगळी घडी तिलाच सांभाळावी लागते.

डिव्हिजन ३ ला चित्र अगदी वेगळं. तिथे हेड कोचच मैदानावर रेषा आखते, व्हॅन चालवते, आणि वर सहायक अ‍ॅथलेटिक डायरेक्टर म्हणून दुसरी खुर्चीही सांभाळते. यात कमीपणा काही नाही. उलट अशा कोचला केमिस्ट्रीच्या प्राध्यापिका नावाने ओळखतात आणि एका फोनवर परीक्षेची वेळ बदलून मिळते.

कोचपेक्षा दोन माणसांची चौकशी जास्त करा. पहिली अ‍ॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे दुखापत बघणारी. ती एकट्या सॉफ्टबॉलला आहे की चार टीमांत वाटलेली? बाहेरगावच्या सामन्याला सोबत जाते का? आणि मुलगी खेळू शकते की नाही हा शेवटचा शब्द तिचा की कोचचा? दुसरी शैक्षणिक सल्लागार. तिच्याकडे किती खेळाडू आहेत, आणि ती कुणाला जबाबदार आहे, अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला की प्रोव्होस्टच्या (विद्यापीठाच्या शैक्षणिक बाजूच्या प्रमुखाच्या) ऑफिसला? प्रश्न ऐकायला कारकुनी वाटेल, पण नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिल विद्यापीठात वर्षानुवर्षं खेळाडूंनाही गुण मिळवून देणारे, प्रत्यक्षात न भरणारे वर्ग चालले आणि २०१४ च्या चौकशी अहवालात ते सगळं बाहेर आलं. खेळाडूंच्या अभ्यासाचा सल्ला कुणाच्या हाताखाली असावा, यावर त्यानंतर देशभर चर्चा झाली. ज्या माणसाची नोकरी टीमच्या निकालावर अवलंबून आहे, त्याने सुचवलेला मेजर (पदवीचा मुख्य विषय) दोनदा तपासून घ्यावा.

आता आजींचा प्रश्न. आजींना एवढं सांगा की महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात तसं इथे कॉलेजात काही नाही. जळगाव-अमरावतीकडच्या सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींच्या घरी त्या गुणांचा हिशोब असतो. इथे उलटा, गुण नसतील तर खेळ बंद.

डिव्हिजन १ साठी हायस्कूलचे १६ ठरावीक कोर्स आणि त्यात २.३ चा जीपीए लागतो. १६ पैकी १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, आणि त्या १० पैकी ७ इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. तुमच्या मुलीला हे जड जाणार नाही. फक्त ही खेळायची पात्रता, अ‍ॅडमिशनची नव्हे, एवढं लक्षात असू द्या. अवघड भाग कॉलेजात गेल्यावर सुरू होतो. दर सत्रात किमान ६ क्रेडिट, फॉल-स्प्रिंग मिळून १८. आणि त्यावर ४०-६०-८० चा नियम: दुसरं वर्ष संपताना पदवीच्या ४० टक्के, तिसरं संपताना ६०, चौथं संपताना ८० टक्के अभ्यास झालेला असावा. टक्के मोजले जातात ते निवडलेल्या पदवीचे. खरी मेख इथे आहे. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मेजर जाहीर करावा लागतो. इंजिनिअरिंगमधून बायोलॉजीत गेलात आणि जुने क्रेडिट नव्या पदवीत धरले गेले नाहीत, तर चांगले गुण असूनही मुलगी टक्क्यांत मागे पडते आणि बाकावर बसते. म्हणून धास्तावलेली सल्लागार पहिल्याच वर्षी म्हणते, ‘थोडा सोपा मेजर घे.’ तुमच्या मुलीने यावर स्वतःचं उत्तर तयार ठेवावं. हायस्कूलमधल्या एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचे क्रेडिट पदवीत धरले जात असतील तर इथे चांगला श्वास मिळतो.

टीमच्या अभ्यासाचा एनसीएएचा अधिकृत थर्मामीटर म्हणजे एपीआर, ‘अ‍ॅकॅडेमिक प्रोग्रेस रेट’. स्कॉलरशिपवरच्या प्रत्येक खेळाडूला दर सत्राला दोन गुण: एक पात्र राहिल्याचा, एक कॉलेजात टिकल्याचा. २० जणी असतील तर वर्षाला ८० गुण. ४ गेले तर ७६ भागिले ८०, म्हणजे ९५०. चार वर्षांची सरासरी ९३० च्या खाली गेली की सीझननंतरच्या राष्ट्रीय स्पर्धांना बंदी. सॉफ्टबॉलच्या टीम साधारणपणे याच्या बऱ्याच वर असतात. म्हणूनच या आकड्याने चांगला-वाईट प्रोग्रॅम वेगळा काढता येत नाही. सोप्या मेजरमध्ये सगळ्यांना बसवलं तरी ९९० येतो.

मी वेगळं करायला सांगते. टीमच्या वेबसाइटवर रोस्टर उघडा आणि प्रत्येक मुलीच्या नावावर क्लिक करून मेजर बघा. मागच्या तीन-चार वर्षांची रोस्टरही तिथे असतात. पहिल्या वर्षाला ‘बायोलॉजी’ किंवा ‘मेकॅनिकल’ लिहिलेली मुलगी तिसऱ्या वर्षाला काय शिकतेय? निम्म्या टीमचा मेजर एकच असेल आणि पहिल्या वर्षाच्या तीन इंजिनिअरपैकी चौथ्या वर्षाला एकही उरली नसेल, तर तुम्हाला उत्तर मिळालं. तासाभराचं काम आहे, आणि कोचच्या फोनपेक्षा जास्त सांगून जातं.

असं का होतं ते मार्चमधल्या एका गुरुवारी कळतं. सीझनमध्ये सराव आणि सामने मिळून आठवड्याला २० तासांच्या आत, दिवसाला ४, आणि एक दिवस सुट्टी, असा नियम आहे. प्रवासाचे तास यात धरत नाहीत. सीझनला ५६ पर्यंत सामने, फेब्रुवारी ते मे. वीकएंडची मालिका शुक्रवारी सुरू होते, म्हणून बस गुरुवारी दुपारी एकला निघते. ऑरगॅनिक केमिस्ट्रीची लॅब गुरुवारी दोन ते पाच. लेक्चर बुडलं तर नोट्स मिळतात, लॅब बुडली तर बुडली. मग परीक्षा हॉटेलच्या कॉन्फरन्स रूममध्ये, बर्फाच्या पिशव्या खांद्याला बांधून, समोर पर्यवेक्षक म्हणून सल्लागार. २०२४ पासून प्रवास आणखी लांबलाय: कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कली आता पूर्व किनाऱ्याच्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये (एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) आहेत, तिथलीच यूसीएलए मध्य-पश्चिमेच्या बिग टेनमध्ये. फुटबॉलच्या टीव्हीसाठी झालेल्या या फेरफारात सॉफ्टबॉलच्या मुली देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला उडतात. म्हणून कोचला नेमका प्रश्न असा: ‘मंगळवार-गुरुवार दुपारची लॅब असलेली मुलगी सध्या टीममध्ये आहे का, आणि तिच्या सरावाचं काय करता?’ चांगली कोच लगेच नाव घेऊन सांगते, सकाळी सातला वेगळा सराव असतो म्हणून. दुसरी म्हणते, ‘आम्ही अभ्यासाला फार महत्त्व देतो.’ खेळाडूंना कोर्स-नोंदणीत अग्रक्रम आहे का हेही विचारा. असेल तर सकाळची लॅब मिळते आणि निम्मा प्रश्न सुटतो.

एच-४ बद्दल. खेळाची स्कॉलरशिप घ्यायला व्हिसाची आडकाठी नाही. पण केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत एच-४ ला मिळत नाही, आणि एच-४ वर काम करायची परवानगी नाही. त्यामुळे जाहिरातीचे, एनआयएलचे (खेळाडूचं नाव-चेहरा वापरू देण्याचे) पैसे किंवा विद्यापीठाने थेट दिलेला वाटा यापैकी काहीही हातात घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. कोच किंवा कंप्लायन्स (नियमपालन बघणाऱ्या) ऑफिसचा ‘काही होत नाही’ हा शब्द पुरेसा धरू नका. २१ ला मुलगी एच-४ मधून बाहेर पडते, ते वय बहुधा तिसऱ्या वर्षात येतं. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसाचा अर्ज ऐन सीझनमध्ये अडकणार नाही असं आधी बघा. राज्यातल्या विद्यार्थ्याची फी एच-४ ला लागू होते का हे राज्यागणिक बदलतं.

खेळाडूला कॉलेजशी बांधणारं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट ऑक्टोबर २०२४ ला बंद झालं, आता विद्यापीठाचा मदतीचा करार हाच कागद. त्यात मुदत एका वर्षाची की पदवीपर्यंतची, आणि दुखापत झाली तर काय, या दोन ओळी शोधा. मदत पुढे चालू राहणार की नाही हे विद्यापीठाने दरवर्षी १ जुलैपर्यंत लेखी कळवायचं असतं, आणि कापली तर अपील करता येतं. राहण्या-जेवण्यासाठी मिळालेल्या स्कॉलरशिपवर कर लागतो, फी आणि पुस्तकांवर नाही. विमाही विचारा: बऱ्याच कॉलेजांत आधी घरचा विमा वापरतात आणि उरलेलं कॉलेज भरतं, म्हणजे बाबांच्या कंपनीच्या पॉलिसीचं नेटवर्क त्या राज्यात चालतं का हे तुम्हालाच बघावं लागणार.

या उन्हाळ्यात करायचं काम एकच: पंधरा-वीस कॉलेजांची यादी, त्यात निम्मी डिव्हिजन ३, आणि प्रत्येक कोचला मुलीची स्वतःची मेल. पदवीचं वर्ष, कॅचर, पॉप टाइम, जीपीए, कोणता मेजर, आणि पुढच्या स्पर्धांचं वेळापत्रक मैदानाच्या नंबरासकट. डिव्हिजन १ च्या कोचने उत्तर दिलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. १ सप्टेंबरपर्यंत तिला देताच येत नाही. आणि मेल मुलीच्याच पत्त्यावरून जाऊ दे, बाबांच्या नको.